पोटाला बांधलेले दगड

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दरवर्षी मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की संपादकांचा निरोप येतो, "अण्णा, अंकासाठी चार पानं द्या." मीही महाराजांचं नाव घेऊन लिहायला बसतो. यंदा मात्र लेखणी धरण्याआधी एक कबुली द्यायची आहे. गेल्या उत्सवात याच देवळाच्या सभामंडपात मी एक प्रवचन केलं. विषय होता, मन आणि आरोग्य. बोलण्याच्या भरात मी म्हणून गेलो, "मन खंबीर असेल तर रोग दाराशी उभासुद्धा राहत नाही. शरीराचा रोग हा आधी मनाचा रोग असतो." टाळ्या पडल्या. आपल्यालाही टाळ्या आवडतात, खोटं कशाला बोला.

प्रसाद घेऊन मंडळी निघाली. खांबाला टेकून एक आजी बसून राहिल्या होत्या. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "अण्णा, एक विचारू? माझा मुलगा कर्करोगानं गेला. दीड वर्ष मी त्याच्या उशाशी बसून रात्रंदिवस काळजी केली. मग तो माझ्या काळजीनं गेला का? का त्याचं मन खंबीर नव्हतं म्हणून गेला? त्याला येणारा जाणारा हेच सांगायचा, मन घट्ट कर, चांगले विचार आण. शेवटी शेवटी तो मला म्हणायचा, आई, माझीच श्रद्धा कमी पडली गं."

माझ्या हातातली प्रसादाची पुडी हातातच राहिली. मला उत्तर आलं नाही. त्या रात्री झोप नाही आली. आज जे लिहितो आहे ते त्या आजींना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे, असं समजा.

गुरुचरित्राचा तेरावा अध्याय आपण सगळ्यांनीच वाचला आहे. पारायणात दरवर्षी येतो आणि दरवर्षी पुढे जातो, कारण आपलं लक्ष चौदाव्याकडे लागलेलं असतं. चौदावा अध्याय संकटनिवारणाचा. तो घरोघर रोज वाचतात, आणि वाचावाच. पण या खेपेला मी तेराव्यातच अडकलो.

श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराज शिष्यांसह गोदावरीच्या काठानं वासर ब्रह्मेश्वराला आलेले आहेत. आज ज्याला बासर म्हणतात, तेलंगणातलं सरस्वतीचं ठिकाण, तेच हे. महाराज स्नानाला निघाले आहेत आणि समोर एक ब्राह्मण पोटाला दगड बांधून नदीत जीव द्यायला निघाला आहे. त्याला पोटशूळ आहे. अन्न पोटात गेलं की प्राणांतिक वेदना उठतात. म्हणून तो पंधरा पंधरा दिवस, महिना महिना जेवतच नाही, आणि जेवला की लोळायला लागतो. अन्नच ज्याचं वैरी झालं त्यानं जगावं कसं?

आता इथे थांबा आणि बघा महाराज काय करतात. पहिली गोष्ट, शिष्यांना सांगतात, त्याला इकडे आणा. धावत जाऊन अडवा. उपदेश नंतर. ब्राह्मण समोर येतो आणि रडत रडत आपल्याच पापांची यादी वाचायला लागतो. मागे कधी अन्नदान केलं नसेल, कुणाच्या तोंडचा घास काढला असेल, म्हणून हे भोग. म्हणजे दुखणं एक, आणि त्याच्यावर 'हे माझंच पाप' हे दुसरं. पोटाला बांधलेला दगड आपल्याला दिसतो. मनाला बांधलेला हा दुसरा दगड दिसत नाही, तो जास्त जड असतो.

महाराजांनी ती यादी हातात घेतली नाही. आत्महत्या हे मोठं पाप आहे एवढं निक्षून सांगितलं आणि म्हणाले, भिऊ नकोस, तुझी व्यथा गेली असं समज, आम्ही औषध देतो. आणि औषध कोणतं, तर पोटभर जेवण!

तेवढ्यात तिथे सायंदेव येतो. हा कडगंचीचा, पोटासाठी यवनाच्या पदरी नोकरी करणारा गृहस्थ. ज्यांनी गुरुचरित्र लिहिलं ते सरस्वती गंगाधर याच सायंदेवाच्या वंशातले. महाराज त्याला सांगतात, याला घरी ने आणि जेवू घाल. सायंदेव घाबरतो. अगदी तुमच्याआमच्यासारखा घाबरतो. म्हणतो, महाराज, हा महिन्यानं एकदा जेवतो, त्यातही मरणाच्या दारी जातो. माझ्या घरी जेवून याचं काही बरंवाईट झालं तर ब्रह्महत्या माझ्या माथी येईल. मग तो महाराजांनाही शिष्यांसह भिक्षेला बोलावतो. महाराज जातात. पंगत बसते. ज्याला एकट्यानं दोन घास खाण्याची भीती वाटायची तो पंगतीत गोडाधोडाचं पोटभर जेवतो, आणि त्याचं दुखणं जातं.

यात महाराजांचं सामर्थ्य आहेच. त्याबद्दल मी काही बोलावं एवढी माझी योग्यता नाही. पण आपल्यासारख्या प्रापंचिकांना त्यातून उचलता येईल असं काही आहे का, एवढंच मी बघतो आहे. मला एक दिसतं. त्या माणसाच्या रोगाला भीतीनं वेढलं होतं. अन्नाची भीती, वेदनेची भीती, पापाची भीती. महाराजांनी आधी भीती काढली, मग त्याला चार माणसांत बसवलं, आणि मग पान वाढायला सांगितलं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

आपल्या आयुर्वेदानं हे फार पूर्वी ओळखलं होतं. चरकसंहितेच्या विमानस्थानात स्पष्ट म्हटलं आहे की अन्न पथ्याचं असो, मापात खाल्लेलं असो, चिंता, शोक, भय, क्रोध मनात असताना खाल्लं तर ते नीट पचत नाही. आणि सूत्रस्थानात जिथे कशानं काय सर्वांत जास्त वाढतं याची मोठी यादी दिली आहे, तिथे रोग वाढवणाऱ्या गोष्टींत पहिला मान विषादाला दिला आहे. शब्द नीट बघा हं. विषाद रोग वाढवतो असं म्हटलं आहे. प्रत्येक रोग विषादामुळेच होतो असं नाही. मी सभामंडपात नेमकी इथेच गफलत केली होती.

पश्चिमेकडे हेच वेगळ्या वाटेनं सापडलं. क्ष-किरणांचा शोध नवा होता त्या काळात अमेरिकेत हार्वर्डला वॉल्टर कॅनन नावाचे शास्त्रज्ञ मांजराचं अन्न पोटात कसं घुसळलं जातं ते त्या किरणांतून बघत होते. त्यांच्या लक्षात आलं, मांजर शांत असेल तर पोट आपलं काम करत असतं. मांजर घाबरलं, चिडलं की पोटाची हालचाल बंद. जणू गिरणीचा पट्टाच निसटला. पुढे १९१५ साली त्यांनी भीती, भूक, राग यांनी शरीरात काय काय बदल होतात यावर मोठा ग्रंथ लिहिला.

कारण सोपं आहे. समोर वाघ आला तर शरीर म्हणतं, आता जेवण पचवत बसायची वेळ नाही, पळ! काळीज धडधडतं, रक्तदाब चढतो, साठवलेली साखर रक्तात येते, रक्त पोटाकडून हातापायांकडे वळतं. ही देवानं दिलेली सोयच आहे. हरणाच्या मागे वाघ लागला की हरणाचंही हेच होतं. पण हरीण वाचलं की थोड्या वेळानं पुन्हा चरायला लागतं. रॉबर्ट सापोल्स्की नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९९४ साली याच गोष्टीवर एक पुस्तक लिहिलं; त्यांनी उदाहरण आफ्रिकेतल्या झेब्र्याचं घेतलं आहे. आपला वाघ मात्र जात नाही. आपला वाघ म्हणजे मुलीच्या लग्नाचं कर्ज, भाऊबंदकीचा दावा, सुनेशी अबोला. तो रात्री उशाशी येऊन बसतो. मग धडधड थांबत नाही, साखर उतरत नाही, झोप लागत नाही. दोन घटकांची सोय वर्षानुवर्षं चालू राहिली की शरीराची झीज होते.

आम्ही कृष्णाकाठची माणसं. आम्हाला हा वाघ दर पावसाळ्यात भेटतो. नृसिंहवाडीला कृष्णा चढते, उत्तरेकडून देवळात येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दारानं बाहेर पडते. दक्षिणद्वार सोहळा! त्या पाण्यात स्नान करायला माणसं मध्यरात्रीसुद्धा धावतात, डोळ्यांत आनंदाचं पाणी येतं. आणि वरच्या अंगाला सांगलीत तीच कृष्णा आयर्विन पुलाच्या खांबावरचे आकडे चढत असते. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. ज्यांच्या घरात तेव्हा पाणी शिरलं त्यांना विचारा, आज इतक्या वर्षांनीसुद्धा धुवाँधार पाऊस लागला की छातीत काय होतं ते. मोबाइलवर पुलाची पातळी बघत रात्र काढतात बिचारी.

पाणी एकच, नदी एकच. एकाला पर्वणी, दुसऱ्याची झोप जाते. पूर्वी मी हे उदाहरण देऊन म्हणायचो, "बघा, सगळा दृष्टीचा फरक." आता म्हणत नाही. वाडीला पाणी येतं तेव्हा पुजारी मंडळी उत्सवमूर्ती वर हलवतात, सामानसुमान उचलतात, नावा तयार असतात. पिढ्यान्‌पिढ्यांची तयारी आहे, सोबत आहे, म्हणून आनंद आहे. ज्याच्या एकट्याच्या तळमजल्यात पाणी शिरतं, गहू भिजतात, कागदपत्रं जातात, त्याला 'दृष्टी बदल' म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ आहे. दृष्टी बदलते, पण आधी कुणीतरी त्याचं कपाट वरच्या मजल्यावर न्यायला हात लावावा लागतो.

म्हातारपणी वृत्तीचा खरा कस कुठे लागतो सांगू? वाट बघण्यात.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला अवधूत आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो. तो अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभूच असं आपण मानतो. नाथमहाराजांनी त्यावर जी टीका लिहिली ती आपल्या घराघरांत आहे. त्या चोवीस गुरूंत एक पिंगला आहे. विदेहनगरीतली गणिका. सभ्य माणसांच्या सत्संगात गणिकेला गुरू करण्याची छाती दत्तात्रेयांचीच! ही पिंगला नटूनथटून दारात उभी आहे. कुणी धनवान येईल म्हणून वाट बघते. आत जाते, पुन्हा बाहेर येते. हा गेला, आता पुढचा येईल. मध्यरात्र झाली. तोंड कोरडं पडलं, झोपेचं खोबरं झालं. आणि मग तिला एकदम उबग आला. तिनं ती आशा टाकली आणि गाढ झोपली.

आज आपल्यातले किती जण पिंगलेसारखे दाराशी उभे आहेत? मुलगा पुण्यात, बंगळुरात, नाहीतर थेट अमेरिकेत. रविवारी सकाळी नऊला फोन येतो. साडेनऊ झाले की आई आतबाहेर करायला लागते. वडील वर्तमानपत्र धरून बसतात, पान उलटत नाही. दहा वाजता, "त्याच्याकडे आत्ता किती वाजले असतील हो?" अकराला डोकं दुखायला लागतं. बाराला एक घास जात नाही. आणि फोन आला की पहिलं वाक्य काय, "आलास का बाबा, आठवण झाली वाटतं!" झालं, त्याचंही बिनसतं. तो पुढच्या रविवारी फोन करायला कचरतो.

माझ्या घरीही हे चालायचं. दुसऱ्याचं कशाला सांगू? मी आणि आमची ही, दोघंही. मग एका रविवारी आम्ही ठरवलं की नऊ वाजता देवळात जायचं. फोन आला तर देवळात घेऊ, नाही आला तर परत येऊन आपण लावू. एवढंच केलं. मुलावरची माया तिळभर कमी झाली नाही, फक्त दारात उभं राहणं सोडलं. पिंगलेनं आशा टाकली म्हणजे प्रेम टाकलं असं नव्हे. 'अमुक घडलं तरच मला बरं वाटेल' ही अट टाकली. हिचं रविवारचं डोकं दुखणं कमी झालं हे मात्र खरं. ही म्हणते, चष्म्याचा नंबर बदलला म्हणून. असेल!

चोवीसातलाच आणखी एक, तो मांसाचा तुकडा चोचीत धरून उडणारा पक्षी. बाकीचे बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. तुकडा टाकला, झुंड तुकड्यामागे गेली, हा सुखानं उडाला. आपल्या चोचीत काय आहे ते ज्याचं त्यानं बघावं. बहुतेक वेळा 'मी म्हणतो तेच' हा तुकडा असतो. साठी उलटल्यावर घरातल्या किल्ल्या, बँकेची पुस्तकं आणि स्वयंपाकघरातला शेवटचा शब्द यांपैकी काहीतरी एक तरी सोडून बघा.

आता नामाबद्दल. नामस्मरणानं मन शांत होतं हे आपण अनुभवानं जाणतो. २००१ साली इटलीतल्या डॉक्टर बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. त्यांनी ख्रिस्ती लोकांची जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि बौद्धांचा एक मंत्र लोकांना म्हणायला लावला. आपलं दत्तनाम त्यांना ठाऊक नव्हतं, त्याला इलाज नाही. पण दोन्ही जपांत दिसलं काय, तर श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ होतो, आणि काळीज व रक्तदाब सांभाळणारी शरीरातली यंत्रणा त्या लयीत चांगलं काम करते. ही गोम नुसत्या शब्दात नाही, संथ लयीत आहे. एका श्वासात एक नाम, सावकाश.

आणि आम्ही जप कसा करतो? माळ अशी पळते की जणू गाडी पकडायची आहे. सप्ताहातल्या पारायणाचं तर विचारूच नका. एक गृहस्थ मला माहीत आहेत. पोथी वाचताना एक डोळा ओवीवर, दुसरा घड्याळावर. नैवेद्याला पाच मिनिटं उशीर झाला की पोथीवरून मान वर न करता सुनेला असा डोळा दाखवायचे की त्या माउलीच्या हातातून वाटी पडायची. सातव्या दिवशी सांगता झाली आणि आठव्या दिवशी डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब मोजून कपाळाला हात लावला. सोवळं सांभाळताना घरातल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं तर ते सोवळं महाराजांपर्यंत पोचतं का, हा प्रश्न मी त्यांनाच विचारला होता. ते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. (तो गृहस्थ मीच, असं काही जणांना वाटतं. पूर्ण खोटं नाही.)

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. पारायण चालू आहे, आता महाराज बघतील, म्हणून रक्तदाबाची नाहीतर साखरेची गोळी बंद करणारी माणसं आपल्यात आहेत. असं करू नका. पोटातल्या व्रणांचीच गोष्ट बघा. कितीतरी वर्षं डॉक्टर मंडळी अशा रोग्याला सांगत होती, काळजी करू नका, तिखट खाऊ नका, तुमचा स्वभावच चिंतातुर आहे. १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोघांनी जठरात एक जंतू शोधून काढला. लोक विश्वास ठेवीनात म्हणून मार्शलनी १९८४ साली त्या जंतूंचं पाणी स्वतः पिऊन दाखवलं आणि पोट बिघडवून घेतलं! त्या दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळालं. ज्या हजारो लोकांना 'तुझ्या स्वभावामुळे' म्हणून ऐकावं लागलं, त्यांपैकी बहुतेकांना खरी गरज होती ती जंतू मारणाऱ्या गोळ्यांची. चिंतेनं दुखणं वाढतं हे तरीही खरं आहे. पण गोळीनं जाणाऱ्या दुखण्याला गोळीच हवी. तीही महाराजांनीच कुणाच्या तरी हातून पाठवलेली असते.

आणि संतांना काय रोग झाले नाहीत? आपल्या थोरल्या महाराजांना, श्रीवासुदेवानंद सरस्वतींना, संग्रहणीनं किती छळलं. श्रीरामकृष्ण परमहंस १८८६ साली गळ्याच्या कर्करोगानं गेले. अरुणाचलाच्या रमण महर्षींच्या दंडावर गाठ झाली, वारंवार शस्त्रक्रिया झाल्या आणि १९५० साली त्यांनी देह ठेवला. यांच्या मनात काय विषाद होता, का यांची श्रद्धा कमी पडली? जिथे मन इतकं निवलेलं, तिथेही देहानं देहाचा धर्म पाळला. मग माझ्यासारख्यानं व्यासपीठावर बसून 'खंबीर मनापुढे रोग उभा राहत नाही' म्हणणं हे अज्ञान होतं. आजी, तुमचा मुलगा तुमच्या काळजीनं गेला नाही. त्याची श्रद्धाही कमी पडली नव्हती. मरणाच्या दारात आईची समजूत घालणाऱ्याच्या श्रद्धेत काय कमी असतं?

हे मी त्यांना घरी जाऊन सांगितलं. उत्सवानंतर चौथ्या दिवशी गेलो. आधी जायची हिंमत झाली नाही. म्हटलं, "आजी, माझं चुकलं." त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन चहा टाकला. चहा झाल्यावर मुलाचा फोटो दाखवला, त्याच्या लहानपणच्या खोड्या सांगितल्या. तासभर बसलो. उठताना म्हणाल्या, "दीड वर्षात मला कुणी विचारलं नाही अण्णा, तुम्ही झोपता का म्हणून. सगळे त्याचंच विचारायचे. बरोबरच आहे म्हणा. पण मी सलग चार तास झोपल्याचं मला आठवत नाही."

हे वाक्य माझ्या मनात राहिलं. नंतर एका ओळखीच्या डॉक्टरांशी बोलताना त्यांनी एक प्रयोग सांगितला. १९९५ साली अमेरिकेत ओहायो इथल्या विद्यापीठात झालेला. स्मृतिभ्रंश झालेल्या घरच्या माणसाची सेवा करणाऱ्या १३ बायका आणि त्याच वयाच्या, तसा भार नसलेल्या १३ बायका. सगळ्यांच्या हातावर सारखीच, अगदी बारीक जखम केली आणि भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. नऊ दिवस! त्या बायकांची वृत्ती वाईट होती का? त्या तर सेवा करत होत्या. त्यांच्यावरचा भार सारखा होता आणि तो उचलायला दुसरं कुणी नव्हतं, एवढंच.

सायंदेवाकडे पुन्हा बघा. ब्राह्मणाची व्यथा महाराजांनी घालवली हे खरं; पण पान सायंदेवाच्या घरी मांडलं गेलं. पीठ त्याच्या घरचं होतं, रांधणारे हात त्याच्या घरचे होते, आणि 'काही बरंवाईट झालं तर' ही धास्तीही त्यानंच सोसली. महाराज मनात आणते तर नदीच्या काठावर नुसत्या तीर्थानं काम झालं असतं. त्यांनी मुद्दाम एका घाबरट संसारी माणसाला मध्ये घेतलं. म्हणजे आपल्याला.

आमच्या देवळात गेल्या चातुर्मासापासून एक छोटी रीत सुरू झाली आहे. तिला नाव ठेवलेलं नाही, समितीही नाही. ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, तिथे गुरुवारी दुपारी देवळातली दोन माणसं जाऊन बसतात. रोग्याला पोथी ऐकवतात, पाणी देतात, कूस बदलायची तर शेजाऱ्याला हाक मारतात. घरच्या माणसानं त्या दोन तासांत काहीही करावं. बाजारात जावं, नाहीतर नुसतं बसावं. अट एकच, उपदेश करायचा नाही. ही अट आजींनी घातली, आणि ती घालताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पहिलं घर होतं आमच्याच आळीतल्या एका निवृत्त शिक्षकांचं. पत्नीला अर्धांगवायू, मुलं बाहेरगावी, तीन वर्षं हे एकटे सगळं करतात. पहिल्या गुरुवारी आजी आणि आमची ही गेल्या. मास्तर म्हणाले, दोन तास मोकळे मिळतात तर कितीतरी दिवसांत चुकलेल्या आरतीला येईन. आम्ही संध्याकाळी वाट पाहिली. धूप लागला, घंटा झाली, मास्तर आले नाहीत. आरती संपली. ही परत आली ती हसतच. म्हणाली, "मास्तर कपडे करून खुर्चीत बसले होते, जरा पाठ टेकतो म्हणाले आणि तिथेच झोपले. आजींनी उठवू दिलं नाही. दोनाचे चार तास झाले."

त्यांचा प्रसाद आम्ही केळीच्या पानात बांधून घरी पाठवला.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥